डावा अंगठा

डॉक्टर,

तुमच्या पायांचे अंगठे बांधायचं काम माझ्याकडे आलं ते केवळ मी पायांशी उभा होतो म्हणून. कुणीतरी दोरी माझ्या हातात दिली. मी उजव्या अंगठ्याला दोन वेढे दिले, फाइलीला मारतात तशी गाठ मारली, कारण बावीस वर्षांत दुसरी गाठ मी मारलेलीच नाही, आणि दोरीचं उरलेलं टोक तसंच सोडून बाजूला झालो. तुमचे सांगलीचे काका वाकून बघत होते. म्हणाले, ‘‘अहो, डावा मोकळाच राहिला की.’’

मी म्हणालो, ‘‘राहू द्या. लागेल अजून.’’

वहिनींचं रडणंसुद्धा मधेच थांबलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, जणू दोघांपैकी नक्की कुणाला उचलायचं आहे ते त्यांना ठरवायचं होतं. मग कुणीतरी मला खांद्याला धरून ओसरीवर नेलं, पाणी दिलं, आणि आत जाऊन सांगितलं की जावयांना धक्का बसलाय. दोरी पुढे कुणी बांधली ते मी पाहिलं नाही.

धक्का बसला नव्हता, डॉक्टर. मी माझं काम करत होतो. ते काम काय, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही काही बोलत नव्हता.

म्हणून लिहायला बसलो. तुमच्याबद्दल लिहायला तुमचे पेशंट आहेत, तालुक्यातले पुढारी आहेत. दुष्काळाच्या सालात तुम्ही माणमधल्या खडी फोडणाऱ्या बायकांना टोचून घ्यायला कसं लावलंत, ते सगळे छान लिहितील. मी तुमच्या बहिणीचा नवरा, जिल्ह्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळणारा कारकून. आलेल्या कागदाची पोच द्यायची, गेलेल्या कागदाची पोच घ्यायची, एवढंच मला येतं. तुमची पोच तेवढी घ्यायची राहिली आहे.

तुम्ही मला नाटकात ओढलंत ते माझ्या आवाजावरून. आमच्या लग्नात भटजी एका ठिकाणी अडखळले आणि मी, नवरदेव, बोहल्यावरून हळूच पुढचा शब्द सांगितला. तो भटजींखेरीज कुणालाच ऐकू गेला नाही. तुम्ही मात्र माझे ओठ पाहिलेत. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसून म्हणालात, ‘‘जावईबुवा, हा आवाज वाया घालवू नका. एकाच माणसाला ऐकू जाणारा आवाज देव फार थोड्यांना देतो.’’ पुढे तुमची बहीण सुमन म्हणायची की संसारातही माझा आवाज एकालाच ऐकू जातो, आणि तो एक म्हणजे मी स्वतः. असो. मी साताऱ्याच्या हौशी मंडळींचा प्रॉम्प्टर झालो, म्हणजे खरं तर तुमचा. बाकीचे आपापली भाषणं पाठ करून येत. तुम्हाला वेळ कुठे? सकाळी दवाखाना, दुपारी खेड्यांतल्या व्हिजिटी, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. स्कूटरवरून शिरवळपर्यंत जाताना तुम्ही भाषणं म्हणायचात आणि रस्त्यावरची माणसं घाबरून बाजूला व्हायची.

फलटणच्या साखर कारखान्यातला तो माणूस आठवतो? खोकला दाखवायला आला होता. तुम्ही तपासायच्या खोलीतल्या हिरव्या पडद्यामागे उभं राहून म्हणत होता, ‘‘आता फार दिवस नाहीत राहिले, आवराआवर करून घे.’’ तो तसाच उठून एस्टी स्टँडवर गेला. दोन वर्षांनी गुळाची ढेप घेऊन आला, ठणठणीत. शेत पोरांच्या नावावर करून टाकलं होतं आणि बायकोशी भांडण सोडलं होतं, त्यामुळे खोकला गेला म्हणाला. वहिनींनी त्या दिवसापासून नियम केला, दवाखान्यात नाटक नाही. तो तुम्ही पाळलात असं मी गेल्या आठवड्यापर्यंत समजत होतो.

आणि मग ते नाटक आलं, ज्यात तुम्ही मरायचात.

गोष्ट साधीच होती. म्हातारा बाप, घराच्या वाटण्या झालेल्या, शेवटच्या अंकात तो खाटेवर पडून असतो आणि ‘‘खिडकी उघडी राहू दे’’ असं म्हणून जातो. खाट तिरपी, पाय माझ्या विंगेकडे, पायथ्याला फळी. तुमचे तळवे माझ्यापासून दोन हातांवर, प्रेक्षकांना ते दिसत नसत. पहिल्या प्रयोगात तुम्ही असे काही गेलात, की मी नाटकाची वही मिटून नुसता बघत बसलो. दोरीवरचा गडी माझ्या खुणेची वाट बघतोय, तुम्ही श्वास धरून पडलेले. शेवटी गड्याने आपल्याच मनाने पडदा टाकला. आत येऊन तुम्ही विचारलंत, ‘‘काय झालं हो?’’ मी म्हणालो, ‘‘मला वाटलं, तुम्ही गेलात.’’ तुम्ही इतके खूष झालात की मला चहा पाजलात. मग ठरलं: ओळ संपली, मान कलली की तुम्ही मनात तीनपर्यंत मोजायचं आणि डाव्या पायाचा अंगठा वर करायचा. म्हणजे, मी ठीक आहे, टाका पडदा.

‘‘ही माझ्या जिवंतपणाची पोच,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘तुमच्या कचेरीतल्यासारखी.’’

ही गोष्ट आपण कुणाला सांगितली नाही. सुमनला मी आजही सांगितलेली नाही.

तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या मरणात एक वेगळंच काही करत होता. ओळ म्हणण्याआधी उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा यांची चिमूट चादरीवरून सरकायची, काहीतरी शोधायची, हवेत वर यायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीला भेटायची. मग एक हलकासा पीळ. पुन्हा तेच. मग दाराकडे नजर, कुणी आल्यासारखी. हे वहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही सरळ सांगितलंत: माणचा एक माणूस, मुंबईला गिरणीत होता, छातीचा आजार घेऊन परत आला, त्याच्या भावाने आणून दवाखान्यात टाकला. दुपारी गेला. जाताना असं करत होता. का, ते कळलं नाही.

मी म्हणालो होतो, दुसऱ्याचं मरण असं उचलून आणणं बरं नाही. तुम्ही तोंडाला रंग लावत होता, आरशातूनच बोललात. ‘‘शेकडो पाहिली, जावईबुवा. ही एकच डोळ्यांपुढून जात नाही. तिचं काय करू? केसपेपरवर लिहायला तेवढी जागा नसते.’’

या वादाला आपण पुन्हा येऊ, येऊ म्हणत राहिलो. आणि साताऱ्यातल्या चौथ्या प्रयोगानंतर ती बाई आली.

तुम्ही अर्धा रंग पुसून ट्रंकेवर बसला होता. दाराशी डोक्यावर पदर घेतलेली, हातात कापडी पिशवी, पन्नाशीची असेल. म्हणाली, ‘‘तुमी दवाखान्यातलं डाक्टर न्हवं?’’ तुम्ही हो म्हणालात. तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवून दाखवल्या, हुबेहूब.

‘‘हे काय हाय ठावं हाय का तुमास्नी? धागा हाय. तुटल्याला धागा जोडत हुतं. मालक माझं. गिरणीत जलम गेला, झोपंत बी जोडायचं.’’

तुम्ही ट्रंकेवरून उठलात. म्हणालात, ‘‘मला माहीत नव्हतं, बाई.’’

‘‘तुमास्नी कसं ठावं असंल? आन मी तरी कुटं हुते? एस्टी चुकली, दुसरी आली दोन तासानं. मी आले तवा तोंडावर चादर घातलेली. दिरानं नाटक बघिटलं आन सांगितलं, वैनी, दादा तितं मरतुया रोज.’’

मी तिच्या रागाची वाट पाहत होतो. आता ही बोलेल आणि आपलं नाटक बंद पडेल, एवढंच माझ्या मनात. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं, कारण वादात माझी बाजू वर येणार होती. तिने पदर सारखा केला आणि पिशवी उचलली. ‘‘बरं झालं, बघाय गावलं,’’ म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर ती प्रत्येक प्रयोगाला दिसू लागली. पहिल्या रांगेत, कडेची खुर्ची. दोन अंक ती खाली बघत बसायची. तुम्ही खाटेवर आलात की मान वर. पडदा पडला की उठून जायची, टाळ्यांना थांबायची नाही. विंगेतून मला तिचं तोंड दिसायचं आणि तुमचे तळवे दिसायचे. मला पुष्कळदा वाटायचं, या नाटकात खरी पात्रं दोनच, आणि मी त्यांच्या मधे बॅटरी घेऊन उगाच बसलोय.

सांगलीच्या स्पर्धेत आपलं नाटक अंतिम फेरीला गेलं, तेव्हा तुम्ही मला दवाखान्यासमोरच्या बाकावर बसवून सांगितलंत. मुंबईच्या एका नाटक कंपनीचा मालक सांगलीला येणार आहे, फक्त तुम्हाला पाहायला. पसंत पडलं तर वर्षभर काम. दवाखाना एका तरुण डॉक्टरकडे सोपवायचा, पाटी तीच ठेवायची. अजून वहिनींना बोलला नव्हता. मी म्हणालो, ‘‘दोन डगरींवर पाय ठेवू नये, डॉक्टर.’’ तुम्ही हसलात. ‘‘एक पाय तुमच्या विंगेत आहेच की. दुसऱ्याचं बघू. पन्नाशीला दोन वर्षं कमी आहेत माझ्या. एकदाच बघायचंय, मी डॉक्टर नसतो तर कोण असतो.’’

तुमचे डोळे तेव्हा शाळकरी पोरासारखे झाले होते. आणि मी, डॉक्टर, मी त्या रात्री घरी येऊन भाकरी खाताना काय विचार केला ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी विचार केला की मुंबईला यांना दुसरा प्रॉम्प्टर मिळेल.

सांगलीत आपल्याला दुपारचा प्रयोग मिळाला. तुमचं गाव, तुमच्या शाळेतले लोक, काका, सगळे आलेले. सांगलीचा प्रेक्षक कसा, ते तुम्हीच मला सांगायचात: शेंगा खातो, पण टरफल वाजवत नाही. ती बाई एवढ्या लांब येईल असं मला वाटलं नव्हतं. पण कडेच्या खुर्चीवर होती. मधल्या रांगेत पांढऱ्या कोटातला मुंबईचा मालक. दोन अंक तुम्ही असे केलेत की मला एकही शब्द सांगावा लागला नाही. मी वही उघडून गुडघ्यावर ठेवली होती, तेवढीच. पाठच झालेली वही कोण बघतो?

तिसरा अंक. चिमूट चादरीवरून सरकली. धागा जोडला. पुन्हा जोडला. दाराकडे नजर. ‘‘खिडकी उघडी राहू दे.’’ मान कलली.

एक, दोन, तीन. अंगठा हलला नाही.

मी पुन्हा मोजलं. म्हटलं, आज मुंबईकरासाठी थोडं लांबवताहेत. दहा झाले. वीस झाले. दोरीवरचा गडी माझ्याकडे बघतोय. थिएटरात खोकलासुद्धा नाही. दुपारची वेळ, वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप तुमच्या पायांवर पडलेली, आणि ते तळवे मला मेणाचे दिसायला लागले. तेवढ्यात एक माशी आली. तुमच्या ओठावर बसली. तिथून नाकावर चढली, नाकावरून पापणीवर गेली, पापणीच्या कडेने सावकाश चालली. तुमची पापणी हलली नाही. जिवंत माणसाला ते जमत नाही, डॉक्टर. तुम्हीच मला शिकवलं होतंत की जमत नाही.

मी ओरडलो. ज्या आवाजासाठी देवाने मला निवडलं होतं तो नव्हे. पोटातून, गुरं हाकल्यासारखा. ‘‘डॉक्टर!’’ आणि एका हातात वही, एका हातात बॅटरी, तसाच रंगमंचावर धावलो. गुडघे टेकले, तुमचं मनगट धरलं.

सगळं थिएटर हसलं. सांगलीची सगळी टरफलं त्या दिवशी एकदम वाजली. तुम्ही एक डोळा किंचित उघडलात आणि, ओठ न हलवता, माझ्यासारख्याच एकट्याला ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणालात, ‘‘डावा हात बायकांचा बघतात, जावईबुवा.’’

पडदा पडला. मुंबईकर त्याआधीच उठला होता. न हसलेली माणसं तीनच: तुम्ही, मी आणि ती बाई. ती उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि गेली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना सामानाच्या ट्रकमध्ये आपण दोघं त्या खाटेवर बसलो होतो. कऱ्हाडला चहा आला तेव्हा म्हणालात, ‘‘अंगठा उचलणारच होतो. तुम्ही घाई केलीत.’’ मी विचारलं, ‘‘कधी उचलणार होता?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘वही बघितली नाहीत का?’’ मला तो टोमणा वाटला. प्रॉम्प्टरला वही बघितली का म्हणून विचारणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळत होतं. घरी आल्यावर मी ती वही लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी टाकली, आणि पुन्हा उघडली नाही.

तुम्ही नाटक सोडलंत. कुणी बोलवायला आलं की म्हणायचात, दवाखाना बरा आहे. माझ्यावर एका शब्दाने रागावला नाहीत, आणि तेच मला खात राहिलं. दर दिवाळीला, फराळाच्या ताटावर, आपला एकच वाद.

‘‘नाडी नव्हतीच म्हणता?’’

‘‘नव्हती.’’

‘‘मग मी बोललो कसा?’’

‘‘तेच मी विचारतोय.’’

सुमन म्हणायची, पुरे झालं ते अभद्र, चकली खा. तुम्ही हसायचात. पण माझ्या बोटांना ते मनगट आजही आठवतं. हात कुठलाही असो, मी नीट जागेवर दाबलं होतं आणि तिथे काहीही नव्हतं. आणि याच्याखाली दुसरा प्रश्न, जो मी कधी विचारला नाही: मी ओरडलो तो तुम्ही गेलात म्हणून, की तुम्ही जाणार होता म्हणून? मुंबईला? चार वर्षं मी हे उलटसुलट करतोय. तुम्ही डॉक्टर नसता तर कोण असता, ते बघायचं का राहिलं, याचं उत्तर माझ्या गळ्यात आहे.

तुम्ही गेलात त्यानंतर दहाव्या दिवशी मी ती वही काढली. शेवटचं पान. तुमच्या ओळीपुढे माझ्या पेन्सिलीने लिहिलेलं ‘तीन, अंगठा’. आणि त्याच्या खाली, समासात, तुमचं अक्षर. निळ्या शाईने, औषधाच्या चिठ्ठीवर असतं तसं: एक लाट, दोन खिळे, एक शेपूट. अर्धा तास मी ते उन्हात धरून बघितलं. एक अक्षर लागलं नाही. तुमचं अक्षर या पृथ्वीवर एकाच माणसाला येतं, म्हणून मी वही घेऊन तुमच्या कंपाउंडरकडे, शंकरकडे गेलो.

दवाखाना बंद होता. शंकर आत बसून रिकाम्या बाटल्या पुसत होता; कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने चष्मा लावला आणि औषध वाचावं तसं वाचलं.

‘‘आज तीन न्हाई. बाई उठेपतुर थांबा. मग अंगठा.’’

तुम्ही मला सांगितलं होतं, डॉक्टर. प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवलं होतं, प्रॉम्प्टरला सांगायच्या रीतीने. आणि मी, सगळं पाठ असलेला शहाणा, वही गुडघ्यावर उघडी ठेवून तुमचे पाय बघत बसलो.

शंकरने मग बाकीचं सांगितलं. सांगलीच्या आठवडाभर आधी ती बाई दवाखान्यात आली होती. तुम्हाला म्हणाली, ‘‘लय लौकर पडदा पडतुया, डाक्टर. तवा मी एस्टीत हुते. आता तरी जरा बसू द्या की त्येंच्याजवळ.’’ तुम्ही बरं म्हणालात. मुंबईचा मालक समोर असताना, तुमची सगळी उमेद त्या एका दुपारवर टांगलेली असताना, तुम्ही तिच्यासाठी थांबला होता. आणि मी तिचा नवराही पुन्हा एकदा अर्ध्यावर झाकला.

‘‘मग दर वर्षाला यायची,’’ शंकर म्हणाला. ‘‘तिच्या मालकाच्या तिथीला. दुपारचं, पेशंट नसत्यात तवा. सायब तपासायच्या टेबलावर आडवं व्हायचं. बाई स्टुलावर. मी दार लावून भाईर. तिचं बसून झालं की तीच उटून हिरवा पडदा वढायची आन जायची. सायब हात धुवायचं आन म्हनायचं, शंकर, पुढचा पेशंट.’’

तर तुम्ही नाटक सोडलं नव्हतं. वर्षाला एक प्रयोग, एक प्रेक्षक, वहिनींचा नियम मोडून. आणि प्रॉम्प्टर नाही. हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आधी आला तो मत्सर.

शंकर पुन्हा बाटली पुसायला लागला. तीच बाटली. मग मान खाली घालून तुम्ही गेलात त्या दुपारचं बोलला. तो जेवून आला, तेव्हा तुम्ही त्या टेबलावर आडवे होता. मान कललेली, हाताची चिमूट चादरीवर. तिथी चार दिवसांवर आली होती. ‘‘म्हनलं, तालीम चाललीया. खरं सांगू का साहेब, मला बरं वाटलं. म्हनलं, सायब लय दिसांनी रंगात हायेत. म्या पडदा वढला आन भाईरच्या मानसांना सांगितलं, सायब कामात हायेत, बसा. अर्धा तास बसली मानसं.’’ मी त्याला बोल लावणारा कोण? मी जिवंत माणसावर ओरडलो होतो, त्याने गेलेल्या माणसाला तालीम करू दिली. दोघांच्या चुका एकाच वहीतल्या.

निघताना मी विचारलं, तिथीला बाई आली होती का. आली होती. दाराला कुलूप बघून उभी राहिली. शंकरने सांगितलं, सायब गेले. तिने विचारलं, ‘‘जवळ कोन हुतं?’’ शंकर म्हणाला, कुनी न्हवतं. तिने पिशवी खाली ठेवली. ‘‘मग जरा बसते,’’ म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. किती वेळ ते शंकरने मोजलं नाही. तिचं झालं तेव्हा ती उठली.

आता तुम्हाला कळलं असेल, मी डाव्याला दोरी का बांधली नाही. वही तेव्हा वाचलेली नव्हती, बाईची गोष्ट ऐकलेली नव्हती. पायांशी उभा होतो, तेच तळवे तितक्याच अंतरावर, आणि माझ्या डोक्यात एकच: या खेपेला घाई करायची नाही. कितीही मोजावं लागलं तरी चालेल. मी मोजतही होतो. काकांनी टोकलं तेव्हा सत्तावन्नवर होतो. तिथून पुढे ओसरीवर बसून, हातातलं पाणी न पिता, मोजत राहिलो. अजून कधी कधी दुपारी कचेरीत कागदावर शिक्का मारता मारता मोजत असतो आणि शेजारचा विचारतो, काय मोजताय. या घाईबद्दल, त्या आवाजाबद्दल, त्या रात्रीच्या भाकरीबद्दल मला क्षमा करा. आणि त्या वादात मी हरलो, हेही लिहून देतो. दुसऱ्याचं मरण तुम्ही उचललं नव्हतंत, ज्याचं त्याला नेऊन पोचवलं होतंत.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. सुमन भांडी पुसून मांडणीवर लावत होती, मी जवळच बसलो होतो. हातातली वाटी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली,

‘‘एवढंसं काम सांगितलं, तेही तुम्हाला धड जमलं नाही. शेवटी मीच बांधले. उजवा गप होता, पण दादाचा तो डावा अंगठा सारखा वर येत होता. दोनदा दाबला, तरी वर. मग दोरी बाजूला ठेवली आणि नुसता हात ठेवून बसले त्याच्यावर, तेव्हा गेला खाली.’’